६३ टक्क्यांवर अडलेली हळद

मुलीचा बंगळूरहून फोन आला. "आई, माझ्या हळदीला अज्जीचं गाणं लावायचं हं. धाकट्या आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे ना, ते. तेवढं कॉम्प्युटरवर घेऊन मला पाठव." एवढं सांगून तिनं फोन ठेवला. या पिढीला वाटतं, पाठव म्हटलं की गोष्ट जाते.

कॅसेट म्हणजे खरी कॅसेट नव्हे. २००४ च्या मे महिन्यात धाकट्या नणंदेचं लग्न झालं, तेव्हा स्टुडिओवाल्यानं तीन व्हीसीडींचा संच दिला होता. वर बदामाच्या आकारात नवरानवरीचा फोटो, मागे न पाहिलेल्या स्वित्झर्लंडचे डोंगर. पहिल्या डिस्कवर हळद, दुसरीवर अक्षता, तिसरीवर जेवणावळी आणि रुसलेले पाहुणे. त्या पहिल्या डिस्कमध्ये माझ्या सासूबाई गायल्या आहेत.

आमचं घर बेळगावातल्या पुष्कळ घरांसारखंच, चहा मराठीत आणि भांडण कानडीत. सासूबाई गोकाककडच्या. नवरा आणि नणंदा त्यांना अव्वा म्हणायचे, म्हणून मीही अव्वाच म्हणू लागले. सासऱ्यांच्या आई, म्हणजे मोठी आई, खानापूरच्या मराठी घरातल्या. त्या हळदीला एका बाजूला मोठी आई ओव्या म्हणत होत्या आणि दुसऱ्या बाजूला अव्वा सोबाने पद. दोघीही हट्टी. एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबे, पण संपलं की क्षणभरही जाऊ देत नसे. मोठी आई २००६ मध्ये गेल्या, अव्वा २०११ मध्ये. दोघींचे फोटो भिंतीवर आहेत. आवाज मात्र त्या एका डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठंही नाही.

लग्नाच्या व्हिडिओत स्टुडिओवाले सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवत असत, हे आपल्याला ठाऊक आहेच. मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत, सनई ऐकू येत नाही, सगळीकडे तेच ते गाणं. आमच्या नशिबानं हळदीच्या भागावर गाणं टाकायला तो विसरला असावा. त्या विसरण्याचे उपकार किती, ते आता कळतं.

डिस्क काढली, पुसली, लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या ड्राइव्हमध्ये घातली. हिरवी पट्टी सरकू लागली. २०, ४०, ६० टक्के झाले आणि ६३ वर ती थांबली. ड्राइव्ह घर्र घर्र करू लागली, मग गप्प, मग पुन्हा घर्र घर्र. दहा मिनिटांनी पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'ची चूक म्हणून. बरं, त्रेसष्ट टक्के तरी आलं असेल म्हणून पाहावं, तर तेही नाही. विंडोजमध्ये कॉपी अर्धवट राहिली की आलेला तुकडासुद्धा पुसला जातो. तीनदा केलं, तीनदा ६३ वरच अडलं.

टीव्हीवर चालते, इथे का नाही?

नवऱ्यानं माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढला, टीव्हीला जोडला आणि तीच डिस्क लावली. चित्र आलं. दोन ठिकाणी चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला, पण पुढे गेलं. "बघ, डिस्क चांगली आहे, तुझा लॅपटॉप बिघडलाय," असा निकाल लागला. असा निकाल घरोघरी लागत असेल, म्हणून त्याबद्दल थोडं लिहिते.

थोरल्या नणंदेचा मुलगा निपाणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्याकडे डिस्क घेऊन गेले, तेव्हा त्यानं मला हे नीट समजावलं. कीर्तन ऐकताना बुवांचा एखादा शब्द निसटला तर आपण उठून जात नाही, पुढचं ऐकतो. प्लेअर तसा आहे. वाचता आलं नाही तर तो पुढे सरकतो, कारण त्याला कार्यक्रम चालू ठेवायचा असतो. कॉपी करणं म्हणजे कचेरीतून जमिनीच्या उताऱ्याची नक्कल काढणं. तिथे एक आकडा लागला नाही तर कारकून शिक्का मारत नाही, सगळी नक्कलच अडवून ठेवतो. कॉम्प्युटरला शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर हवं असतं. म्हणून टीव्हीवर चालणारी डिस्क कॉम्प्युटरवर अडते, आणि त्यात दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं.

डिस्कच्या पोटात काय असतं, तेही जाणून घेण्यासारखं आहे. बारा सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची ती पारदर्शक प्लास्टिकची चकती. माहितीची रेघ ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, आतून बाहेर गोल गोल फिरत जाते. म्हणजे डिस्क जितकी भरलेली, तितकी माहिती कडेपर्यंत पोचलेली. आणि आपली बोटं लागतात कुठे? कडेला. आमची हळद डिस्कच्या बाहेरच्या भागात होती, हा काही योगायोग नव्हे.

घरी लिहून घेतलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगाचा पातळ थर असतो. लेसरनं तो ठिकठिकाणी भाजून खुणा केलेल्या असतात. ऊन आणि उष्णता लागली की हा रंग उतरतो. आमचा संच वीस वर्षं टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये होता. दुपारी तीननंतर तिथे थेट ऊन येतं. पाहुण्यांना दिसावा म्हणून मीच तो तिथे ठेवला होता.

पुसण्याची चूक

मी डिस्क पुसली असं वर लिहिलं आहे. कशी पुसली, तर पदरानं, गोल गोल, ताट पुसतो तशी. भाच्यानं हे ऐकून कपाळाला हात लावला. "मामी, हेच तर करायचं नसतं."

माहितीची रेघ गोल आहे. पुसताना कापडातला धुळीचा कण गोल फिरला तर तो त्या रेघेवरूनच फिरतो आणि एका लांबच लांब तुकड्याचा सत्यानाश करतो. मध्यापासून कडेकडे सरळ पुसलं आणि ओरखडा पडलाच, तरी तो प्रत्येक फेऱ्यातला इवलासा तुकडा खातो. एवढा तुकडा ड्राइव्ह स्वतः भरून काढू शकते. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन गणित्यांनी चुका दुरुस्त करण्याची एक रीत मांडली होती, तीच पुढे सीडीत वापरली गेली. त्या रीतीमुळे रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड पूर्णपणे भरून निघतो. अडीच मिलिमीटर म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढं, पण रेघेच्या लांबीवर मोजायचं. गोल ओरखडा सहज त्याच्या कितीतरी पट लांब जातो.

मग धुवायची कशी? कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. बोटाच्या पेरानं हलकेच, मध्यापासून बाहेर. नंतर साधं पाणी आणि चष्मा पुसायचं कापड किंवा धुऊन मऊ झालेलं मलमल. वर कागदी लेबल असेल तर ती बाजू ओली करायची नाही. थिनर, पेट्रोल, नखांचं रंग काढायचं पाणी यातलं काहीही लावायचं नाही, त्यानं प्लास्टिक पांढरं पडून तडकतं. आपल्याकडे पावसाळा चार महिने. डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ते असे धुऊन बहुतेक निघतात. रंगाच्या थराच्या आत शिरलेली बुरशी मात्र निघत नाही. २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीनं थेट आतला थरच खाल्ल्याचं स्पेनमधल्या संशोधकांना आढळलं होतं. बेळगावच्या जुलैत राहिलेल्या माणसाला याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही.

टूथपेस्टचा उपाय तुम्ही ऐकला असेल. पांढरी पेस्ट घासली की खालच्या बाजूचे उथळ ओरखडे गुळगुळीत होतात हे खरं आहे. मी एका भजनाच्या सीडीवर करून पाहिला. तीन भजनं परत आली, एक होतं ते गेलं. दुसरं काहीच उरलं नसेल तेव्हाच करावा.

आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत नव्हे, वरची नाव लिहायची. खाली प्लास्टिकचा जाड थर आहे. वर मात्र चमकणाऱ्या थरावर वार्निशचा जेमतेम पापुद्रा असतो. बॉलपेननं दाबून 'लग्न भाग १' लिहिलं की तो थर दबतो. चिकटवलेलं कागदी लेबल सोलून काढलं तर थरच त्याच्याबरोबर निघून येतो. (डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिचं वरून इतकं बिघडत नाही.) सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकली तर तिथली माहिती गेली, ती कुणालाही परत आणता यायची नाही. आमच्या डिस्कवर असं एकही भोक नव्हतं. भाचा तिथेच म्हणाला, "मग बघू या."

मध्याच्या भोकापासून तडा गेलेली डिस्क मात्र ड्राइव्हमध्ये घालूच नये. वेगवान ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. आत फुटली तर डिस्क गेली आणि ड्राइव्हही.

व्हीसीडीचं वेगळंच दुखणं

आमची अडचण दुहेरी होती, कारण ती व्हीसीडी होती. व्हीसीडी उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात 'डॅट' शेवट असलेली एकच मोठी फाइल, तीच आपलं लग्न. बाकीच्या फोल्डरांत प्लेअरसाठीची यादी असते, ती कॉपी करून काही उपयोग नाही.

साध्या माहितीच्या सीडीत प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते आणि वर सांगितलेल्या दुरुस्तीशिवाय आणखी २७६ बाइटांची दुरुस्तीची शिदोरी असते. व्हीसीडीवाल्यांना १९९३ मध्ये एका सीडीवर तासाभराहून जास्त सिनेमा बसवायचा होता. त्यांनी ही वाढीव शिदोरी काढून टाकली आणि कप्प्यात २३२४ बाइट भरले. सिनेमात एखादा ठिपका चुकला तर कुणाचं काय बिघडतं, हा हिशेब. त्यांचा हिशेब बरोबरच होता. पण त्यामुळे व्हीसीडी वाचताना ड्राइव्हजवळ चुका भरून काढायचं सामान कमी असतं आणि कॉपी लवकर अडते. कधी तर डिस्क ठणठणीत असूनही, फाइल ओढून टाकायला गेलं की कॉम्प्युटर नुसतं 'चुकीचं काम' अशा अर्थाचं काहीतरी सांगून मोकळा होतो. अशा वेळी व्हीसीडी ओळखणारा प्रोग्रॅम लागतो. आयसोबस्टर, व्हीसीडीगिअर ही नावं जुन्या लोकांना आठवतील.

भाच्यानं पहिल्यांदा काय केलं, तर प्रोग्रॅमला हातच लावला नाही. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. त्याच्या दुकानात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या ड्राइव्ह भरून ठेवल्या आहेत. लोक भंगारात देतात, तो ठेवून घेतो. त्याचं म्हणणं, प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. एकीला जे दिसत नाही ते दुसरीला दिसतं. लॅपटॉपला जोडायच्या पातळ ड्राइव्ह बहुधा कमजोर, जुन्या डेस्कटॉपमधल्या जाडजूड ड्राइव्ह दमदार. पातळ ड्राइव्ह वापरायचीच असेल तर ती थेट कॉम्प्युटरला जोडावी. चार तोंडांच्या हबला जोडली तर वीज पुरत नाही, डिस्क फिरायला लागते न लागते तोच थांबते आणि आपण डिस्कला दोष देतो. काही ड्राइव्हच्या वायरीला दोन तोंडं दिलेली असतात ती यासाठीच, दुसरं तोंड शोभेचं नाही.

पहिली ड्राइव्ह ६३ वर अडली. दुसरीनं डिस्क आहे हेच कबूल केलं नाही आणि वर ती बाहेरही सोडेना. दाराजवळच्या बारीक भोकात सरळ केलेली जेम क्लिप घालून भाच्यानं ती काढली. (बंद करून, जोर न लावता. चिमट्यानं ओढून डिस्क मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.) "आगंगिल्ल अनस्तद, मामी," असं तो म्हणाला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. तिसरी ड्राइव्ह २००७ च्या सुमाराची, धुळीनं माखलेली. तिच्यावर पट्टी ६३ ओलांडून ७१ वर गेली आणि मग अडली.

इथे त्यानं आयसोबस्टर लावलं. हा प्रोग्रॅम फाइल म्हणून न पाहता डिस्क कप्प्याकप्प्यानं वाचतो. एखादा कप्पा आला नाही तर सगळं सोडून देत नाही. पुन्हा वाचतो, पुन्हा वाचतो, शेवटी तेवढी जागा कोरी ठेवून पुढे जातो. कारकुनानं न लागणाऱ्या आकड्याच्या जागी रेघ मारून बाकीचा उतारा द्यावा, तसं. त्याच्या काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात, पण आमच्या भाच्याकडे त्या होत्या. साधी माहितीची सीडी किंवा डीव्हीडी असेल आणि कुणाला लिनक्स येत असेल, तर तिथे डीडीरेस्क्यू हा फुकटचा प्रोग्रॅम असंच काम करतो. आधी चांगला भाग उचलून घेतो, मग अवघड जागांकडे वळतो.

कामाला रात्र लागली. धडधाकट सीडी पाच मिनिटांत कॉपी होते. तुमच्या डिस्कला अर्धा तास लागत असेल तर ती आजारी आहे असं समजा, आणि अशा डिस्कला हौसेनं पुन्हा पुन्हा चालवून पाहू नका.

बायकांच्या भिशीत निघालेले गुंते

मी निपाणीला जाऊन आल्याचं आमच्या भिशीत कळलं आणि प्रत्येकीच्या कपाटातून काहीतरी निघालं. त्यातल्या निम्म्यांची डिस्क बिघडलेलीच नव्हती, कॉपी करायची रीत चुकत होती.

एकीच्या मामंजींच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रित सीडी. मुलानं बारा अभंग पेनड्राइव्हवर घेतले म्हणून सगळे खूश. पेनड्राइव्ह दुसरीकडे लावला तर एकही वाजेना. पाहिलं तर प्रत्येक अभंग एक केबीचा! गाण्यांच्या सीडीत विंडोज ज्या 'सीडीए' फाइली दाखवतं, त्यांत गाणं नसतंच. कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं सुरू होतं, एवढाच पत्ता असतो. पत्ता लिहून घेतला म्हणजे माणूस घरी येत नाही. अशी सीडी मीडिया प्लेअरमधून 'रिप' करावी लागते. वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घेतली तर आवाज जसाच्या तसा राहतो. सुदैवानं मूळ सीडी त्यांनी टाकून दिली नव्हती.

दुसरीच्या भावानं हुबळीत छोट्या डिस्कचा कॅमेरा घेतला होता, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर चित्रीकरण होणारा. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली की कोरी असल्यासारखी दिसते आणि कॉम्प्युटर तयारी करू का म्हणून विचारतो. कृपा करून 'हो' म्हणू नका! चित्रीकरण आत असतं. कॅमेऱ्यातली 'फायनलाइज' ही शेवटची पायरी करायची राहून गेलेली असते. तो कॅमेरा अजून चालत असेल तर त्यातच ती पुरी करता येते. आणखी एक, ज्या ड्राइव्हला ट्रे नसतो, नुसती फट असते, तिच्यात ही छोटी डिस्क घालू नये. आत अडकते.

मुंजीची डीव्हीडी कॉपी करताना एकीनं पहिलीच फाइल घेतली आणि मुलाच्या मुंडावळ्यांपाशी व्हिडिओ संपला. डीव्हीडीत चित्र एक-एक जीबीच्या तुकड्यांत ठेवलेलं असतं. 'व्हिडिओ टीएस' नावाचं अख्खं फोल्डर घ्यावं लागतं. अख्ख्या डीव्हीडीची एकच फाइल करून पेनड्राइव्हवर टाकायला गेलात, तर भरपूर जागा असूनही 'फाइल फार मोठी' म्हणून नकार येतो. जुन्या पद्धतीनं, म्हणजे फॅट ३२ मध्ये, फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल झेपत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की झेपते. पण फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, हे आधी सांगितलेलं बरं.

एका घरी साखरपुड्याचे फोटो होते, लग्नाचे नव्हते. स्टुडिओनं एकाच सीडीवर दोन खेपांत फोटो भरले होते आणि कॉम्प्युटर शेवटची खेप तेवढी दाखवत होता. आयसोबस्टरमध्ये दोन्ही दिसल्या. त्या घरात वीस वर्षं समज होता की लग्नाचे फोटो स्टुडिओनं बुडवले.

आणि आपल्यासारख्या दुभाषी घरांचा खास गुंता म्हणजे पत्रिका. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. छापखान्यानं दिलेली सीडी सुरळीत कॉपी होते, फाइल उघडते, आणि आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. यात कॉपीचा दोष नाही. तेव्हा मराठी बहुधा श्रीलिपीत टाइप होई, कानडी नुडी किंवा बरहमध्ये, आणि प्रत्येकाच्या जुन्या फॉन्टची अक्षरांची मांडणी आपापली. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर फाइल येते, भाषा येत नाही. जुना फॉन्ट मिळवून घालावा, पान दिसलं की लगेच त्याचं पीडीएफ करून ठेवावं. माझ्या एका मैत्रिणीकडे मराठी बाजूचा फॉन्ट मिळाला, कानडी बाजूचा अजून शोधतेय. तिच्या कानडी व्याह्यांनी यावर काय टोमणा मारला, ते इथे लिहीत नाही.

एवढं सगळं करूनही कॉम्प्युटर डिस्क घेतच नसेल आणि टीव्हीवर ती चालत असेल, तर एक आडवाट आहे. प्लेअरच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी टीव्हीऐवजी कॉम्प्युटरला जोडायचं एक लहानसं यूएसबी यंत्र मिळतं. डिस्क प्लेअरवर लावायची आणि जे चालेल ते कॉम्प्युटरवर मुद्रित करायचं. वेळ पूर्ण कार्यक्रमाएवढा लागतो, चित्र थोडं मंद होतं. काहीच नसण्यापेक्षा ते बरं. डीव्हीडी प्लेअर अजून चालत असेल तर तो भंगारात घालू नका, एवढं यावरून सांगते.

आठ सेकंद

सकाळी भाच्याचा फोन आला. पूर्ण डिस्क उतरली होती. एकूण ६१२ कप्पे वाचता आले नव्हते. सीडीत एका सेकंदाला ७५ कप्पे लागतात, म्हणजे साधारण आठ सेकंद गेली. त्यानं फाइल एका पेनड्राइव्हवर दिली, एक स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि एक मुलीला बंगळूरला पाठवली. मला बजावलं, "पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघा मामी. नाव दिसलं म्हणून फाइल चांगली असते असं नाही." व्हीएलसीमध्ये लावली. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डीव्हीडी लावायची सोय आपोआप येत नाही, पण व्हीएलसी फुकट मिळतं आणि हे जुनं सगळं चालवतं.

पाच सेकंद गेली होती ती गडबडीतली. कुणीतरी पाट सरकवतंय, कुणीतरी ओरडतंय, तिथली. त्यांचं मला काही नाही. मोठ्या आईंच्या ओव्या पूर्ण आल्या, त्यांच्या खोकल्यासकट. मग अव्वा सुरू झाल्या. पहिलं कडवं, दुसरं कडवं. माझी चार वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर येऊन बसते, अव्वा न थांबता तिच्या गालाला हळद लावतात. हे मी विसरलेच होते. तिसऱ्या कडव्यात चित्र गोठलं, आवाज गेला. तीन सेकंद. मग अर्ध्या शब्दावरून गाणं पुढे चालू.

स्टुडिओवाल्याकडे मूळ टेप असेल म्हणून चौकशी केली. तो म्हणाला, तेव्हा टेप महाग, एकावर दुसरं लग्न घेत होतो. त्यात त्याचंही काही चुकलं असं म्हणता येत नाही.

मुलीनं ऑडॅसिटीमध्ये नुसता आवाज वेगळा केला, मिक्सरची घरघर कमी केली आणि गोकाकला अव्वांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मावशींचं वय आता ऐंशीच्या पुढे. फोनवरून गाणं ऐकवलं. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या तुटलेल्या ओळीपाशी हसल्या. "हंगल्ल, हिंग," म्हणून ती ओळ त्यांनी स्वतः गाऊन दाखवली. आणि म्हणाल्या, अक्का ही ओळ जन्मभर चुकीची म्हणायची. आमची आई ओरडायची, तरी तशीच म्हणायची.

मुलीनं विचारलं, चुकीची म्हणजे कशी?

मावशींना ते आठवेना. त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं, दर वेळी बरोबरच आली.

लग्न मार्गशीर्षात आहे. डिस्क मी घरी आणलेली नाही, निपाणीलाच ठेवली आहे. भाच्याच्या खोक्यात अजून दोन ड्राइव्ह लावून पाहायच्या राहिल्या आहेत.